वाऱ्याचा हिशेब



सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या किंवा वनकुसवड्याच्या पठारावर जाऊन आलेला मनुष्य एक प्रश्न हमखास बरोबर आणतो. एवढे अवाढव्य पंखे, त्यांतले कित्येक उभेच; मग यांतून वीज निघते तरी किती? प्रश्न साधा आहे. तथापि पवनचक्कीसाठी जमीन देणारा शेतकरी, भांडवल घालणारा उद्योजक आणि कर आकारणारी ग्रामपंचायत, या सर्वांचे हित त्याच्या उत्तराशी निगडित आहे. ज्याला हा हिशेब मांडता येतो, त्याची फसवणूक सहजी होत नाही.

यंत्राची रचना प्रथम पाहू. वारा पात्यांना ढकलतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पात्याचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. दोन्ही बाजूंवरील हवेच्या दाबांत फरक पडतो आणि त्या उचलीने पाते फिरते. मोठे चक्र मिनिटाला जेमतेम पंधरा-वीस फेरे घेते. जनित्राला मात्र मिनिटाला सुमारे १,५०० फेरे लागतात. म्हणून बहुसंख्य पवनचक्क्यांत दोहोंच्या मध्ये गिअरबॉक्स बसवतात. काही आधुनिक यंत्रे त्याविनाही चालतात. जनित्रात घडते ते फॅरेडेने १८३१ साली दाखवले तेच : चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की तारेच्या वेटोळ्यात विद्युतदाब उत्पन्न होतो. सामान्यतः ६९० व्होल्टची ही वीज रोहित्राने ३३ हजार व्होल्टपर्यंत चढवून वाहिनीत सोडली जाते.

आता मुख्य गणित. वाऱ्यातील शक्ती म्हणजे हवेची घनता, चक्राने व्यापलेले क्षेत्रफळ आणि वेगाचा घन यांच्या गुणाकाराचे निम्मे. यातील ‘घन’ हा शब्द नीट ध्यानात घ्यावा. वारा दुप्पट झाला की शक्ती आठपट होते, आणि निम्मा झाला की अष्टमांश उरते.

उदाहरणच घेऊ. चक्राचा व्यास ८० मीटर असेल, तर क्षेत्रफळ सुमारे ५,०२७ चौरस मीटर भरते. समुद्रसपाटीला हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो धरतात. हजार-अकराशे मीटर उंचीच्या पठारावर ती १.०५ च्या आसपास येते. म्हणजे सुमारे चौदा टक्के शक्ती वजा झाली. माहितीपत्रकात ही वजाबाकी केली आहे की नाही, हे पाहिलेले बरे! वारा सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर असेल, तर त्या वर्तुळातून १,३५१ किलोवॅट शक्ती वाहते.

ती सगळी हाती लागत नाही. हवेतील सर्व ऊर्जा काढून घेतली तर हवा चक्रामागे थबकेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाटच उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही मर्यादा गणिताने सिद्ध केली : सत्तावीस भागांपैकी सोळा, म्हणजे ५९.३ टक्के. पाती, गिअरबॉक्स आणि जनित्र यांतील घट धरून प्रत्यक्षात ४० टक्के मिळाले, तर वीज ५४० किलोवॅट. वारा ४ मीटरवर उतरला की तीच ६८ किलोवॅटवर येते. त्याखाली चक्र उभे राहते, आणि २५ मीटरच्या वादळी वाऱ्यात ते सुरक्षिततेसाठी मुद्दाम थांबवतात. पठारावर दिसणारे स्तब्ध पंखे सगळेच नादुरुस्त नसतात, ते यामुळे.

येथे सरासरीचा एक सापळा आहे. अर्धा वेळ ४ आणि अर्धा वेळ १२ मीटर वारा असेल, तर सरासरी ८ येते. परंतु घनांची सरासरी ८९६, तर ८ चा घन ५१२. एकाच सरासरीच्या दोन जागांच्या शक्तीत पावणेदोन पटींचा फरक! म्हणून वाऱ्याचे मोजमाप वर्षभर, तासातासाने करावे लागते. भारतात त्याचा पाया घातला हवामानशास्त्रज्ञ अन्ना मणी यांनी. परदेशी उपकरणांवरील अवलंबन कमी करण्यासाठी पुण्याच्या हवामान कार्यालयात त्यांनी देशी उपकरणे घडवली, आणि पुढे देशभरातील वाऱ्याच्या नोंदी संकलित केल्या. १९८६ साली रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिन येथे ५५ किलोवॅटची पहिली यंत्रे उभी राहिली. आज त्याच्या कित्येक पट क्षमतेची यंत्रे याच देशात बनतात.

वर्षाचा हिशेब असा. १,५०० किलोवॅटचे यंत्र ८,७६० तास पूर्ण क्षमतेने चालले, तर १ कोटी ३१ लाख ४० हजार युनिट होतील. प्रत्यक्षात वीस टक्के धरले तर २६ लाख २८ हजार. महिना १०० युनिट वापरणाऱ्या २,१९० घरांची ही गरज. पाटीवरची क्षमता आणि मीटरवरचे युनिट यांत हे एवढे अंतर असते. २०१२ पूर्वी यंत्र उभारताच ८० टक्के घसाऱ्याची करसवलत मिळे; यंत्र फिरते किती, हा विचार कित्येकांना दुय्यम वाटे. २००९ च्या अखेरीस युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन देण्याची योजना आली, तेव्हा सरकारचे लक्ष मीटरकडे वळले. ते आधीच वळायला हवे होते.

दुष्काळी वर्षांत पवनचक्क्या ढग पळवतात, अशी समजूत याच भागात पसरली होती. शेतकऱ्याची व्यथा खरी होती, कारण मात्र चुकीचे. मोसमी प्रवाहाची जाडी किलोमीटरमध्ये मोजतात, आणि ८० मीटरचे चक्र त्याच्या तळाशी, आपल्या वर्तुळापुरतीच ऊर्जा घेते. माण-खटावचा पाऊस अडतो तो सह्याद्रीमुळे. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात पठारावर एकही पवनचक्की नव्हती. आणि ज्या पठारावर हे मनोरे सर्वांत दाट आहेत, ते प्रत्येक पावसाळ्यात धुक्यात आणि संततधारेत बुडालेले असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वर्षातील सर्वाधिक वीज तेथे होते, ती त्याच वाऱ्यावर.