म्हातारी मांजर ट्रेबाहेर का जाते?

आजचा विषय असा आहे, की तो पाहुण्यांसमोर कुणी काढत नाही. दहा-बारा वर्षं न चुकता ट्रेमध्ये जाणारी घरातली मांजर एक दिवस पायपुसण्यावर शू करते. मग गादीवर, मग थेट देवघरासमोर. घरभर वास सुटतो. मोठी माणसं नाक मुरडतात, मुलं 'ईऽऽ' करून पळतात आणि फडकं मात्र आपल्याच हातात येतं. मग कुणीतरी म्हणतंच, "आता हिला मच्छी मार्केटात सोडून या. तिथं खाईल काहीतरी."

पहिली गोष्ट अशी, की ती हे मुद्दाम करत नाही. सूड घेणं, खोड काढणं हे मांजराच्या डोक्यात नसतं. तिचं नाक घाणीत घासलं किंवा पाठीत धपाटा घातला, तर ती एवढंच शिकते, की या बाईपासून लपून करायचं. मग ती कपाटामागे जाते आणि आपल्याला वासाचा पत्ता लागत नाही.

म्हणून रागावण्याआधी डॉक्टरांकडे न्यायचं. जवळपास खास कुत्र्या-मांजरांचा दवाखाना नसेल, तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. जाण्याआधी चार-पाच दिवस वहीत टिपून ठेवा: किती वेळा शू झाली, कुठे झाली, थोडी की भरपूर, रक्त दिसलं का, शी कडक आहे का, पाणी किती पिते, वजन उतरलंय का. या टिपणांवरून डॉक्टरांना निम्मं कळतं.

उतारवयातल्या मांजरांना मूत्रपिंडाचा आजार फार होतो. मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ती जास्त होते आणि अंगातलं पाणी गेल्यामुळे तहानही वाढते. आपल्याला मात्र उलटं वाटतं: पाणी जास्त पिते म्हणून शू जास्त करते. मग आपण पाण्याचं भांडंच उचलून ठेवतो. मैत्रिणींनो, हे कधीही करू नका. आजारी मूत्रपिंडाला पाणी तोडणं घातक आहे. मधुमेहात आणि थायरॉईड वाढल्यावरही तहान आणि लघवी अशीच वाढते. रक्त-लघवी तपासल्यावर नेमकं कारण समजतं.

बोका असेल, तर आणखी सावध राहा. तो सारखा ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. लघवी अडकली असेल, तर एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असली तरी डॉक्टर गाठा.

दुसरं मोठं कारण म्हणजे सांधेदुखी. आपले गुडघे दुखले की आपण 'आई गं' म्हणतो. मांजर म्हणत नाही. ती फक्त ओट्यावर उडी मारणं सोडते, पाठ चाटणं कमी करते, दिवसभर पडून राहते. आमच्या शेजारच्या काकूंच्या चौदा वर्षांच्या मनीचा ट्रे मोरीत होता. मोरीचा उंबरा उंच, आत फरशी ओली. त्यात ट्रेची कडा वीतभर. तो डोंगर चढायचा तिला त्रास होत होता. काकूंनी ट्रे बाहेरच्या खोलीत आणला, एक बाजू खाली कापली, आणि आठवड्याभरात गादीवरचं प्रकरण थांबलं. दर वेळी इतक्या सोप्यात सुटेल असं नाही, पण करून बघायला पैसे लागत नाहीत.

तेव्हा ट्रे कसा हवा ते लिहून घ्या. पसरट हवा, मांजराच्या लांबीच्या साधारण दीडपट, म्हणजे तिला आत वळता येईल. प्लास्टिकचा जुना टब एका बाजूनं कापला तरी चालतो. शिरायची कडा दोन-तीन इंचांहून उंच नको. कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा, नाहीतर पाय कापेल. आत बारीक, मऊ वाळू किंवा लिटर दोन बोटं जाडीचं. जाड खडे दुखऱ्या पंजांना टोचतात. घरात एक मांजर असेल तर दोन ट्रे, आणि माळ्याचं घर असेल तर वर-खाली एकेक. ट्रे जेवणाच्या वाटीजवळ नको, धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारीही नको. सकाळ-संध्याकाळ साफ करा. खूप म्हाताऱ्या मांजरीला कधी कधी दिशाच कळेनाशी होते, ती रात्री उगाच ओरडते. तिच्यासाठी ट्रेजवळ झिरोचा बल्ब लावून ठेवा आणि ट्रेची जागा सारखी बदलू नका.

आता साफसफाई. फिनाईल वापरू नका. ते पंजाला लागतं, ती पंजा चाटते, आणि फिनाईल मांजराला विष आहे. अमोनियाचा क्लीनरही नको. त्याचा वास लघवीसारखाच, त्यामुळे ती पुन्हा तिथेच जाते. आधी जुन्या कपड्यानं टिपून घ्या, मग साध्या पाण्यानं धुवा. वास मुरला असेल, तर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइमचा क्लीनर वापरा. गादीवर बाळासाठी घालतो ते रबरी कापड घाला.

एक इशारा. सांधे दुखतात म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. अर्धी गोळीही मांजराच्या जिवावर बेतते. औषध डॉक्टरांचंच.

लेक बाळंतपणाला माहेरी आली, की मांजर बाहेर काढा असा आग्रह होतो. भीती असते टोक्सोप्लाझ्माची. हे जंतू मांजराच्या शीतून येऊ शकतात, पण पडल्यापासून किमान एक दिवस तरी ते लागण करण्याजोगे होत नाहीत. म्हणून ट्रे रोज साफ व्हावा आणि ते काम गरोदर बाईनं न करता घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. मांजराला कच्चं मांस देऊ नये. आपणही मांस नीट शिजवून आणि भाज्या धुऊन खाव्यात. एवढं पाळलं तर मांजर घरात राहू शकते.

आणि मच्छी मार्केटाचं म्हणाल, तर घरात वाढलेली म्हातारी मांजर तिथं भटक्या कुत्र्यांपुढे आणि तरुण बोक्यांपुढे टिकत नाही. उपाशी-तहानेली राहील अशा ठिकाणी पाळलेला प्राणी सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

सगळं करूनही कधी कधी ती चुकेल. काही आजार बरे होत नाहीत, फक्त सांभाळावे लागतात. पण ते सांभाळणं एकट्या बाईच्या वाट्याला येऊ नये. सकाळचा ट्रे मुलानं, संध्याकाळचा नवऱ्यानं, असं आजच ठरवून टाका. मांडीवर सगळेच घेतात, तर फडकंही सगळ्यांनी घ्यावं.