गुडघा दाखवायला लाजू नका



मी काही वैद्यकी शिकलेली नाही. पण गेल्या वर्षी जाऊबाईंना घेऊन दवाखान्यात गेले, तेव्हा गुडघा कसा तपासतात ते जवळून पाहिले, आणि डॉक्टरीणबाईंना शंका विचारून घेतल्या. तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, जिना उतरताना कळ येते, आणि आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच!" दाखवायला गेलो तरी साडी वर घ्यायची लाज वाटते. पण कपड्यावरून गुडघा तपासणे म्हणजे झाकण न काढताच आमटी चाखण्यासारखे आहे.

डॉक्टरीणबाईंनी आधी चालायला लावले. उभे करून पाय बाहेर वाकलेत का ते पाहिले. मग निजवून दोन्ही गुडघे उघडे करून शेजारी शेजारी पाहिले. चांगल्याशी ताडल्यावरच दुखऱ्याची सूज कळते. हाताच्या पाठीने ऊब पाहिली. वाटी दाबली, आत पाणी फार साचले असेल, तर वाटी खाली टेकून पुन्हा वर येते. सांध्याच्या फटीवर बोट फिरवून नेमके कोठे दुखते ते विचारले. पाय दुमडून सरळ केला. झिजलेला गुडघा तेव्हा हाताला करकरतो. पण नुसती करकर असेल, दुखत नसेल, तर भिऊ नये. मग नडगी पुढे ओढून बंध ढिले नाहीत ना, ते पाहिले. पाय मुरगळून आतली गादी फाटल्याचा संशय असेल, तर दुमडलेला पाय पिळत सरळ करतात. या रीतीला लिव्हरपूलचे शस्त्रवैद्य मॅकमरे यांचे नाव आहे.

नवल पुढेच आहे. जाऊबाईंच्या गुडघ्यात काहीच दोष निघाला नाही! दुमडलेली मांडी खुब्यात वळवताच मात्र त्या कळवळल्या. झीज खुब्याची, आणि दुखणे जाणवत होते गुडघ्यात. वर्षभर तेल चोळले ते भलत्याच जागी! म्हणून गुडघा दुखला तरी खुबाही तपासतात.

सकाळी सांधा किती वेळ आखडतो, हेही विचारतात. वय पंचेचाळीसच्या पुढे, चालता-उठताना दुखणे, आणि आखड अर्ध्या तासात सुटणारी, असे असेल तर बहुधा झीज असते. ती पुष्कळदा फोटो न काढताही ओळखता येते. आखड त्याहून फार वेळ टिकली आणि हातांचे सांधेही सुजले, तर आमवाताचा संशय येतो व रक्त तपासावे लागते. गुडघा एकाएकी सुजून गरम झाला आणि तापही आला, तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

तेव्हा भगिनींनो, जाताना सैल कपडे घाला, संकोच वाटला तर मैत्रीण बरोबर न्या, आणि दुखणे केव्हा व कशाने सुरू झाले ते नीट सांगा. घरातल्या साऱ्यांची दुखणी आपण वेळेवर दाखवतो. मग आपल्याच गुडघ्यांनी काय पाप केले आहे?