संगणकाचा जनरल रजिस्टर नंबर



संगणकांच्या देखभालीत माझी नोकरी गेली, म्हणून त्यातलंच थोडं सांगतो.

वर्गात एकाच नावाची दोन मुलं असायची. रोल नंबर दरवर्षी बदलायचा. पण दाखल होताना मिळालेला जनरल रजिस्टर नंबर शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत तोच.

लिनक्सवरच्या संगणकाचंही तसंच. त्याचं नाव बदलता येतं, जागा बदलली की आयपी पत्ता बदलतो. म्हणून बहुतेक लिनक्समध्ये ‘मशीन-आयडी’ नावाची फाइल असते. तिच्यात एकच ओळ, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून ३२ खुणांची. पहिल्यांदा सुरू होताना संगणक ती सहसा स्वतःच, चिठ्ठी उचलल्यासारखी ठरवतो. शक्यता इतक्या प्रचंड, की दोघांना एकच चिठ्ठी निघत नाही.

पूर्वी असं नव्हतं. १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये ३२ बिटांचा ‘होस्ट-आयडी’ आला. सन कंपनीच्या वर्कस्टेशनमध्ये तो बॅटरीवर जगणाऱ्या चिपमध्ये असे. बॅटरी संपली की यंत्र स्वतःची ओळख विसरायचं, आणि त्या क्रमांकावर परवाना घेतलेलं महागडं सॉफ्टवेअर चालेनासं व्हायचं.

आताचा घोळ उलटा. एक संगणक नीट तयार करायचा आणि त्याची हुबेहूब नक्कल वीस यंत्रांवर उतरवायची, ही सर्रास रीत. त्यात ही फाइलही उतरते. एकाच दाखल्यावर वीस विद्यार्थी! काही लिनक्स आयपी पत्ता मागताना याच क्रमांकावरून आपली ओळख सांगतात. पत्ता वाटणाऱ्या सर्व्हरला वाटतं, तेच यंत्र पुन्हा आलं, आणि तो सगळ्यांना एकच पत्ता देतो. एका ठिकाणी वायरी आणि स्विच बदलून झाल्यावर मला बोलावलं होतं! उपाय फुकटचा आहे. नक्कल काढण्याआधी ती फाइल रिकामी करायची, म्हणजे प्रत्येक यंत्र आपला क्रमांक नव्याने घेतं.

हा क्रमांक गुप्त ठेवायचा असतो. कुठल्याही प्रोग्रामने तो जसाच्या तसा इंटरनेटवर पाठवला, तर त्यावरून तुमचा माग काढता येतो. नाव, पत्ता बदलून उपयोग नाही. म्हणून त्यापासून प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळा, उलटा न उलगडणारा क्रमांक काढून वापरावा, असा नियम आहे. व्हूनिक्स ही ओळख लपवण्यासाठीच बनवलेली प्रणाली तर मुद्दाम सगळ्यांना एकच मशीन-आयडी देते. हजेरीला अख्ख्या वर्गाने एकदम “हजर” म्हणावं, तसं.