न्यायाची दुसरी पायरी आणि निराधार बंदिवान

(जळगाव येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



धुळ्याच्या कारागृहाचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले ते एका ग्रंथामुळे. १९३२ साली विनोबांनी तेथे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्या सत्याग्रहींपाशी विद्या होती आणि बाहेर समाजाचा आदर होता. आणीबाणीत मिसाखाली स्थानबद्ध झालेल्या कार्यकर्त्यांच्या कुटुंबांमागेही संघटना उभी राहिली. परंतु ज्याच्यापाशी अक्षर नाही, पैसा नाही आणि बाहेर विचारणारेही कोणी नाही, अशा बंदिवानाला शिक्षा झाली तर त्याने दाद कोठे मागावी? आजचा विषय हा आहे.

सातपुड्याच्या पायथ्याचा, चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावरचा वनवासी मजूर डोळ्यांपुढे आणा. घरची बोली पावरी किंवा भिली. निकालपत्राची भाषा त्याला परकी. सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली की जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला जाते. १९८१ मध्ये ते खंडपीठ सुरू झाले आणि मुंबईची वाट वाचली, हे खरे. तरीही हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाला हे अंतर मोठेच आहे. मुदत साठ दिवसांची. फाशीची शिक्षा असेल तर तीसच दिवसांची. कर्ता पुरुष आत, बाहेर वृद्ध माता-पिता आणि लेकरे. मजुरी बुडवून वकील शोधेपर्यंत दिवस सरतात. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. पण त्यासाठीही कोणीतरी अर्ज करावा लागतो.

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात दिले आहे. १७ ऑगस्ट १९७८ रोजी ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणाचा निकाल लागला. आरोपी कोणी अडाणी मजूर नव्हता. बनावट पदव्यांच्या प्रकरणात दोषी ठरलेला विद्यापीठातील प्राध्यापक होता. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत येरवडा कारागृहात आपल्याला मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. ती दिल्याची लेखी पोचही नव्हती. त्याने सर्वोच्च न्यायालय गाठले तेव्हा शिक्षा भोगून संपली होती. त्याची याचिका फेटाळली गेली. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने जो दंडक घातला, तो देशातील प्रत्येक गरीब कैद्याच्या कामाचा आहे. कारावासाची शिक्षा झालेल्यास निकालाची प्रत विनामूल्य द्यावी. कारागृहाने ती त्याच्या हाती देऊन लेखी पोच घ्यावी. अपिलासाठी सर्व सोयी द्याव्यात. आणि तो निर्धन असेल तर सरकारी खर्चाने वकील द्यावा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हे अधिक स्पष्ट केले. पूर्वीच्या संहितेतील सरकारी खर्चाच्या वकिलाची तरतूद प्रामुख्याने सत्र खटल्यापुरती होती. नव्या संहितेच्या कलम ३४१ मध्ये अपिलाचाही उल्लेख आहे. कलम ४२४ प्रमाणे कैदी आपले अपील कारागृह अधिकाऱ्याच्या हाती देऊ शकतो. ते न्यायालयाकडे पाठविणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

मग अडते कोठे? नाशिकचे एक प्रकरण पाहा. जून २००३ मध्ये शेतातील वस्तीवर दरोडा पडला आणि एकाच कुटुंबातील पाच जीव गेले. भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर आरोपी ठरले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढल्या वर्षी उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. अखेर त्याच न्यायालयाने अपिले नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष सोडले. घटनेतून बचावलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच माणसांना ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. प्रत्येकी पाच लाखांची भरपाई आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश निघाला. त्या सहा जणांचे तारुण्य मात्र फाशीच्या छायेत गेले.

येथे कोणी विचारील, पीडिताचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर याच प्रकरणात आहे. निरपराधाला फासाकडे नेले म्हणून मृतांना न्याय मिळाला नाही. खरे गुन्हेगार मोकळे राहिले. नीट ऐकलेले अपील पीडितालाही खोट्या समाधानापासून वाचवते.

भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत आपल्या समाजाचे ऋण अधिकच जड आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण संशय मनांतून गेला नाही. समरसता केवळ सहभोजनाच्या पंगतीत सिद्ध होत नाही. ज्याच्यावर सारे बोट रोखतात त्याची बाजू ऐकून घेण्यात तिची कसोटी लागते.

तेव्हा प्रत्येक तालुक्यातून निदान दोन कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. पाड्यावरच्या किंवा पालावरच्या कोणाला शिक्षा झाल्याचे कळले, तर पहिल्याच आठवड्यात त्याच्या घरी जावे. निकालाची प्रत कैद्याच्या हाती पडली का, हे पाहावे. तारीख लिहून मुदत मोजावी. जळगाव वा धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यावा. १५१०० हा क्रमांक कुटुंबाला लिहून द्यावा. वकील नेमला गेल्यावर त्याला कागदपत्रे पोचली का, त्याची आणि कैद्याची भेट झाली का, याचाही पाठपुरावा करावा. परिचित वकिलांनी वर्षातून एक अपील तरी मनापासून चालवावे.

अपराध सिद्ध झाला तर शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण ज्याला शिक्षा झाली त्याला वरच्या न्यायालयाची पायरी चढता आली पाहिजे. अंत्योदयातील तो अखेरचा माणूस आज कदाचित एखाद्या कोठडीत न वाचता येणारा निकाल हाती धरून बसला असेल. तो कागद त्याला वाचून दाखविणे, हे आपले सेवाकार्य आहे.