दाढीच्या पुटकुळ्या आणि दुकानातली ट्यूब
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मी ज्या दुखण्याविषयी बोलणार आहे ते जिवावर बेतणारे नाही. तरीही त्यापायी अकरावी-बारावीची मुले कॉलर वर करून हिंडतात, मागच्या बाकावर जाऊन बसतात आणि घरात कोणाला न सांगता दुकानातून एखादी ट्यूब आणून तोंडाला चोळतात. दुखणे म्हणजे दाढी केल्यावर गालांवर व गळ्यावर उठणाऱ्या पुटकुळ्या. माझा खरा रोख मात्र त्या ट्यूबवर आहे.

दाढी राखणाऱ्यांनीही ‘हे आमच्यासाठी नाही’ असे समजू नये. दाढीची कड रेखीव दिसावी म्हणून आपण गळा वस्तऱ्याने साफ करून घेतो आणि नेमके तिथलेच केस आडवेतिडवे उगवतात.

या पुटकुळ्या अस्वच्छतेने होत नाहीत. जाड, कुरळा केस मुळाशी कापला की त्याचे टोक अणकुचीदार होते. वाढताना तो वळतो आणि पुन्हा आपल्याच कातडीत शिरतो. कातडी ताणून दाढी केली तर कापलेला केस आत ओढला जातो व आतल्या आत घुसतो. शरीराला तो रुतलेल्या काट्यासारखाच वाटतो. मग लाली, सूज, कधी पू आणि मागे काळा डाग. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत हा त्रास फार आढळतो. अमेरिकेच्या सैन्यात त्यासाठी दाढी न करण्याची वैद्यकीय सूट मिळत आली, 2025 साली तिचे नियम कडक झाले.

काटा आत असेपर्यंत मलम किती पुरे पडणार? म्हणून पहिला उपाय वस्तऱ्याला तीन-चार आठवडे सुट्टी. सुरुवातीला पुटकुळ्या वाढल्यासारख्या वाटतात, पण केस लांबला की टोके बहुधा आपोआप सुटतात. त्या दिवसांत ‘हा काय अवतार केलास?’ असे वडीलधाऱ्यांनी मुलाला म्हणू नये. चिमट्याने केस उपटू नये. नवा केस पुन्हा आतच वळतो.

जोडीला डॉक्टर बेंझॉइल पेरॉक्साइडचे जेल देतात, त्याने जंतू कमी होतात. (त्याने टॉवेल आणि उशीच्या अभ्ऱ्याचा रंग उडतो, आईची बोलणी खाण्यापेक्षा पांढरे कापड वापरा.) ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापॅलीन रात्री, अगदी थोडे लावायचे. त्याने केसाच्या तोंडाशी साचलेली मृत कातडी सुटते. आरंभी आग होते, म्हणून एक दिवसाआड. गुण यायला आठवडे लागतात.

आणि इथेच आपला धीर सुटतो. दुकानदार स्टिरॉइडचे मलम देतो, चार दिवसांत लाली जाते आणि मुलगा खूश होतो. डॉक्टर सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस देतात, तो भाग वेगळा. पण बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोळले तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे उठतात आणि मलम थांबवताच चेहरा पेटल्यासारखा होतो. मग तो पुन्हा तीच ट्यूब आणतो. आपल्याकडे याचा सुळसुळाट इतका झाला की त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेला मोहीम उघडावी लागली, आणि मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक औषधे ‘अनुसूची एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती विकली जातात. गोरे होण्यासाठी हीच मलमे लावणाऱ्या मुलींनीही हे ऐकावे.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीत किंवा पोलीस भरतीत जायचे असेल त्यांना वस्तरा सुटणार नाही. त्यांनी कोमट पाण्याने केस मऊ करावेत, एकाच पात्याने सुलटी दाढी करावी, उलटा हात फिरवू नये. गुळगुळीतपणाचा सोस सोडावा. चालत असेल तिथे यंत्राने किंचित खुंट राखणे उत्तम. सलूनमध्ये पाते डोळ्यांदेखत नवे घालायला लावा. त्यातून कावीळ ‘ब’ आणि ‘क’ पसरू शकते. तुरटीने रक्त थांबते, केस मात्र सुटत नाही.

गाठ ठणकू लागली, पू वाढला किंवा गोल, खाजरा चट्टा उठला (तो नायटाही असू शकतो), तर ससूनच्या त्वचारोग विभागात किंवा जवळच्या तज्ज्ञाकडे जा. जाताना आजवर जे जे लावले त्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा.