काशफुले, शिंका आणि ताट

शरद हा बंगालचा लाडका ऋतू होय. भाद्रपद सरत आला, की पावसाने धुतलेल्या आकाशाखाली काशाचे पांढरे तुरे डोलू लागतात आणि दुर्गापूजा जवळ आल्याची वर्दी घरोघर पोहोचते. कोलकात्याच्या पूर्वेस, राजारहाटच्या भातखाचरांवर आणि पाणथळींवर वसविलेल्या न्यू टाउनमध्ये हे दृश्य आजही पाहावयास मिळते. तेथे उंच इमारती उठल्या, संगणक-कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर महाराष्ट्रातून नोकरीसाठी गेलेली कुटुंबेही आली. पण दोन इमारतींमधील मोकळ्या जमिनीवरचा काशाचा हक्क काही सुटलेला नाही. याच दिवसांत कित्येक घरांतून सकाळी शिंकांची माळ सुरू होते. नाकातून पाणी वाहते, डोळे चुरचुरतात, टाळूला खाज सुटते. आणि घरातील वडीलधारी माणसे खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणतात, ‘हा कापूस नाकात जातो, दुसरे काय!’

परंतु डोळ्यांना दिसणारा तो कापूस सहसा निरपराध असतो. काशाचे रेशमी तंतू बी दूरवर वाहून नेण्यासाठी असतात. नाकाला छळणारे असतात ते गवतांचे आणि झाडांचे परागकण. केसाच्या जाडीहूनही लहान, वाऱ्यावर तरंगणारे आणि म्हणूनच अदृश्य. बंगालमध्ये या कामी नारळ, सुपारी, शिंदी यांच्या परागांचाही वाटा आहे. कोलकात्याच्या बोस संस्थेत अशा परागांचा अभ्यास झालेला आहे. शिवाय तेथील दमट हवेत बुरशीचे बीजाणू आणि घरातील धुळीत राहणारे सूक्ष्म कीटक हेही तोच त्रास देतात. म्हणून ज्याच्या शिंका बाराही महिने चालू असतात, त्याने फुलांना दोष देण्यापूर्वी आपली गादी आणि भिंतीवरची ओल पाहावी.

या विकाराला इंग्रजीत ‘हे फीव्हर’ म्हणतात. ‘हे’ म्हणजे वाळलेले गवत आणि ‘फीव्हर’ म्हणजे ताप. पण त्यात वाळलेल्या गवताचा दोष नसतो आणि तापही नसतो! १८१९ मध्ये जॉन बोस्टॉक या इंग्रज वैद्याने स्वतःच्याच दुखण्याचे वर्णन प्रथम वैद्यकसभेपुढे मांडले. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने स्वतःवर प्रयोग करून परागकण हेच कारण असल्याचे १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. आज त्यामागची क्रिया कळली आहे. शरीर निरुपद्रवी परागाला शत्रू समजते आणि नाकाच्या अस्तरातील पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. शिंक ही त्या गैरसमजाची घोषणा होय.

मग हा गैरसमज ताटातील अन्नाने दूर होईल काय? घरगुती उपायांत पहिला मान मधाचा. त्या भागातील मध रोज चाटला, म्हणजे त्या भागातील परागांची सवय होते, असा तर्क केला जातो. तर्क गोड आहे, पण त्यात एक छिद्र आहे. मधमाशी रंगीत, सुवासिक फुलांकडे जाते. सुंदरबनचा प्रसिद्ध मध खलसीसारख्या खारफुटीच्या फुलांतून येतो. त्रास देणारे पराग मात्र बहुतांशी वाऱ्यावर उडणारे असतात. अमेरिकेतील कनेक्टिकट येथे झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थानिक मध घेणाऱ्यांना लटका मध घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला नाही. मधाने घसा निवतो, हे मात्र खरे. एक वर्षाच्या आतील बाळाला तो मुळीच देऊ नये.

फळांची गोष्ट थोडी निराळी आहे. ग्रीसमधील क्रीट बेटावरील सुमारे सातशे मुलांच्या पाहणीत, रोज ताजी फळे आणि टोमॅटो खाणाऱ्यांत नाकाचा हा विकार कमी आढळला. ही पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. पाहणी म्हणजे पुरावा नव्हे. तथापि पेरू, आवळा, संत्रे, पालेभाज्या, कांदा आणि मासळी यांनी भरलेले ताट कोणाचेच अहित करीत नाही. उलट कोणाला कच्चे फळ खाताच ओठ-टाळूला खाज सुटत असेल, तर त्याचेही कारण कित्येकदा परागच असतात. फळातील एखादे प्रथिन परागातील प्रथिनासारखे असते. तेच फळ शिजवल्यावर बहुधा निमूटपणे पचते.

खरी हानी होते ती वर्ज्य पदार्थांच्या यादीने. शिंक आली, की आधी दही बंद होते, मग केळे, मग दूध. दूध प्याल्याने घशात दाटल्यासारखे वाटते, पण त्याने नाकातला स्राव वाढतो असे प्रयोगांत आढळलेले नाही. वाढत्या वयाच्या मुलाचे सकस अन्न तुटते, शिंका मात्र तुटत नाहीत. एखादा पदार्थ खरोखर बाधतो, असे वैद्यकीय तपासणीने ठरेपर्यंत तो हिरावून घेऊ नये.

बंगालमध्ये वसंतात जेवणाच्या आरंभी कडुनिंबाची पाने वांग्याबरोबर तळून खातात. महाराष्ट्रात पाडव्याला कडुनिंब गुळाबरोबर खातात. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येतही वसंतात जड, गोड, स्निग्ध अन्न टाळण्यास सांगितले आहे. ऋतू बदलला की आहार बदलावा, हे त्यातील शहाणपण दोन्ही प्रांतांनी जपले आहे. ते अवश्य जपावे, पण औषधाच्या जागी बसवू नये.

कारण येथे केवळ रुमालाचा प्रश्न नसतो. नाक आणि फुप्फुसे ही एकाच वाटेची दोन टोके आहेत. नाकाचा हा विकार असणाऱ्या अनेकांना दमाही असतो. छातीत घरघर, रात्री खोकला किंवा धाप, यांपैकी काहीही दिसले, तर काढ्यावर विसंबून दिवस घालविणे धोक्याचे. नाक मिठाच्या पाण्याने धुतल्यास आराम पडतो. मात्र ते पाणी उकळून निवविलेले असावे. बाहेरून आल्यावर तोंड धुवावे, कपडे बदलावे. नाकात मारावयाच्या औषधी फवाऱ्याचा पूर्ण गुण येण्यास काही दिवस लागतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने तो काश फुलण्यापूर्वीच सुरू करणे बरे.

एवढी तजवीज झाली, की न्यू टाउनमधील मराठी घरातल्या मुलानेही पूजेच्या मंडपात भोगाची खिचडी खावी, घरी येऊन दहीभात खावा. औषध आपले काम करील, अन्न आपले करील. दोघांनी एकमेकांची जागा मात्र घेऊ नये.