शाईचे धुके आणि बारीक रेघ



कामगारांच्या चळवळीत केस पांढरे केलेल्या माणसाने विद्युत्‌मंडलांच्या छपाईवर का बोलावे, अशी शंका आपणांस येईल. फवाऱ्याने रंग मारणाऱ्या कामगारांचे तंटे आम्ही पुष्कळ सोडविले आहेत. रंग कडेबाहेर उडाला की मुकादम कारागिराच्या हाताकडे बोट दाखवी. तोच फवारा आता केसाहून बारीक रेघ ओढू लागला आहे, असे कळले तेव्हा आम्ही शब्दकोश जवळ घेऊन वाचावयास बसलो.

हे यंत्र अमेरिकेतील आल्बुकर्की गावच्या ऑप्टोमेक कंपनीने लष्करी संशोधनाच्या पैशातून सिद्ध केले. चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेल्या शाईचे कंपनांनी धुके करतात. नायट्रोजन वायू ते तोटीकडे वाहून नेतो आणि तेथे दुसरा शुद्ध वायू म्यानासारखा वेढा घालून त्याला आवळतो. म्हणून तोटीचे छिद्र शेदीडशे मायक्रॉनचे असूनही रेघ १० मायक्रॉनपर्यंत बारीक येते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

थेंब जितका लहान तितकी रेघ स्वच्छ, असे आम्हांस वाटले होते. तसे मुळीच नाही! ५ मायक्रॉनचा थेंब १ मायक्रॉनच्या थेंबाहून सव्वाशे पट जड. जड थेंब सरळ पृष्ठावर आदळतो. हलका वायूबरोबर वळतो आणि रेघेबाहेर जाऊन बसतो. दोन रेघांच्या मधल्या जागेत असे कण साचले की वीज भलत्या वाटेने जाण्याची भीती. बरे, मोठा थेंबही वाटेत सुकून लहान होतोच. म्हणून शाईत सावकाश उडणारा द्रव थोडा मिसळतात, किंवा वाहक वायूच आधी द्रावकाच्या वाफेने भिजवून घेतात. वेढ्याचा वायू वाढविला की रेघ अरुंद होते. पण त्याची हाव धरली तर प्रवाह विसकटतो.

एवढे साधले तरी सकाळी लावलेले माप दुपारी टिकत नाही. द्रावक उडून शाई दाटते, कुपीतील पातळी उतरते, उष्णमान बदलते. वायूचे काटे जागच्या जागी असतात आणि धुके मात्र विरळ झालेले असते. माणसाने कशालाही हात लावलेला नसतो, तरी रेघ बदलते. २०२० च्या सुमारास त्याच आल्बुकर्कीच्या सँडिया प्रयोगशाळेतील संशोधकांनी वाहत्या धुक्यातून प्रकाश सोडून, तो किती विखुरतो यावरून शाईचे प्रमाण छपाई चालू असतानाच मोजण्याची युक्ती वापरली. तोटी बारीक करण्यापेक्षा आम्हांस ही युक्ती मोठी वाटते. मात्र ती नोंद यंत्र चालविणाऱ्यालाही दिसली पाहिजे, नुसती कचेरीत जाऊन उपयोगी नाही.

कारण आमच्या एका तंट्यात दुपारनंतर हवेच्या नळीतला दाब उतरत असे. एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने ते फवाऱ्याच्या आवाजावरून ओळखले होते. त्याचे म्हणणे खरे ठरले, तोपर्यंत त्याचा तीन दिवसांचा पगार कापून झाला होता.